रेडिओची फळी

जेवणं उरकली असतील, भांडी तेवढी राहिली असतील. राहू द्या. घटकाभर बसा.

आज इतिहास सांगायचाय. आपल्या खुलताबादेत इतिहासाला तोटा नाही. औरंगजेबाची कबर इथं, मलिक अंबरची इथं, घाट उतरला की देवगिरीचा किल्ला, पलीकडं वेरूळ. त्या सगळ्यावर पुस्तकं आहेत, पाट्या आहेत, सांगणारे गाईड आहेत. मी सांगणार आहे तो घरातल्या एका फळीचा इतिहास. रेडिओ जिच्यावर ठेवायचे ती फळी. तिच्यावर कुणी पाटी लावलेली नाही.

पण सुरुवात शिंक्यापासून करते. ज्यांच्या घरी अजून माळवद आहे, त्यांना तुळईला लटकलेलं शिंकं आठवत असेल. दुधाचं पातेलं, लोण्याचं गाडगं, राहिलेलं कालवण, सगळं त्यात. मांजराची उडी पोचू नये आणि पोराचा हात पोचू नये, एवढाच त्याचा हिशेब. किती उंच बांधायचं हे घरातली बाईच ठरवायची, कारण ते दिवसातून दहा वेळा तिलाच खाली घ्यावं लागायचं. तिचा हात पुरला पाहिजे, पोराचा पुरता कामा नये. हे माप लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पुढं घरात आवाजाचं यंत्र आलं. तेही नाजूक, तेही महागाचं, आणि मांजर-पोरं तर घरात होतीच. लोकांनी शिंक्याचीच अक्कल वापरली आणि यंत्र वर ठेवलं. फक्त या वेळी उंची कुणी ठरवली, ते बघायचंय.

पहिलं यंत्र ग्रामोफोन. आपल्याकडं 'फोनो' म्हणायचे, कुणी 'चुडीचा बाजा' म्हणायचे. अमेरिकेत एडिसननं १८७७ साली आवाज पकडून दाखवला, पण त्याचा आवाज नळकांड्यावर. सपाट तबकडी काढली एमिल बर्लिनरनं, १८८७ साली. आपल्या देशात १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं, आणि १९०८ साली तिथंच तबकड्यांचा कारखाना निघाला. एका बाजूला तीनेक मिनिटांचं गाणं. मिनिटाला ७८ फेरे. गाणारीला सगळा राग तीन मिनिटांत आटपायचा.

आता ही तबकडी कशाची होती? लाखेची. आपल्या हातातल्या लाखेच्या बांगड्या असतात ना, तीच लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बारीक किडे बसतात, ते जो चिकट पदार्थ सोडतात त्याची लाख होते, आणि जगाला ती मुख्यतः आपल्याच देशातून जायची. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी घालून तबकडी दाबायची. म्हणजे बघा, बांगडीचं आणि तबकडीचं दुखणं एकच. पडली की फुटली, उन्हात राहिली की वाकडी झाली. जात्याच्या पाळीवर कुणी बांगड्या ठेवत नाही, तसंच पोरांच्या वाटेत तबकडी ठेवायची नाही, हे बाईला वेगळं शिकवावं लागलं नसणार. घरात अशी जुनी तबकडी कुणाकडं असेल तर एक सांगते, तिला स्पिरिट लावून पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. गाणंच पुसून जाईल. मऊ कोरड्या फडक्यानं, रेघांच्या दिशेनं, एवढं पुरे. आणि आडव्या थप्पीत ठेवू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा.

लाखेतली ती दगडाची भुकटी सुईला घासायची, म्हणून दर गाण्याला पोलादी सुई बदलायची. छोट्या पत्र्याच्या डबीत शे-दोनशे सुया. ती डबी रंगीत, चित्राची, हातात मावणारी, म्हणजे रांगत्या पोराला आमंत्रणच. म्हणून डबी वर, फिरवायची चावी काढून खुंटीला, आणि पेटीवर झाकण. चावी काढून ठेवायचं कारणही होतं. पोरं ती फिरवत सुटली की आतली कमान ताणून तुटायची, आणि ती बदलणारा कारागीर गावात कुठला? मोठ्या शहरापर्यंत पेटी न्यावी लागे.

आणि आता गंमत. या तबकडीवर चित्र कशाचं? कुत्र्याचं! कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला पांढरा कुत्रा. त्या कुत्र्याचं नाव निपर. फ्रान्सिस बॅरोड नावाच्या इंग्रज चित्रकाराकडं तो होता. आधी त्याच्या भावाचा होता, भाऊ गेल्यावर याच्याकडं आला. कुत्रा मेल्यावर त्यानं आठवणीनं चित्र काढलं. चित्रात आधी दुसऱ्याच कंपनीचं, नळकांड्याचं यंत्र होतं. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीनं चित्र विकत घेताना सांगितलं, ते यंत्र खोडून आमचं काढ. त्यानं काढलं. पुढं आपल्याकडं लोक दुकानात जाऊन 'कुत्रा छाप' म्हणूनच तबकडी मागायचे. नंतर रेडिओचा काळ आला तर मर्फी कंपनीच्या जाहिरातीवर गोरंपान गुबगुबीत बाळ, तोंडापाशी बोट धरलेलं. त्या चित्राची कॅलेंडरं घरोघर होती. एका कंपनीनं कुत्रा पुढं बसवला, दुसरीनं बाळ. आणि घराघरात पहिला नियम काय, तर यंत्राजवळ कुत्रं येता कामा नये आणि पोर येता कामा नये!

ग्रामोफोन खेड्यापाड्यात फार थोड्या घरांत पोचला. पाटील, देशमुख, एखादा सावकार, एखादा वकील. बाकीच्यांनी तो जत्रेत, उरुसात, हॉटेलात ऐकला. म्हणून फोनोचा इतिहास मी इथंच सोडते. आपल्या घरात खरा शिरला तो रेडिओ.

आपला मुलूख तेव्हा निजामाचा. हैदराबादची नभोवाणी १९३५ साली निजाम सरकारनं आपल्या ताब्यात घेतली. तिला डेक्कन रेडिओ म्हणत. मला अभिमान वाटतो अशी एक गोष्ट सांगते. देश स्वतंत्र झाला तेव्हा इंग्रज सरकारच्या वारशात आलेली आकाशवाणीची केंद्रं होती अवघी सहा, आणि संस्थानांची मिळून पाच. म्हैसूर, त्रावणकोर, बडोदा, हैदराबाद आणि पाचवं आपलं औरंगाबाद! पुण्या-नागपुरात तेव्हा केंद्र नव्हतं. आपल्याला मागास म्हणणाऱ्यांना एवढं सांगायला हरकत नाही. १९५० साली ही दोन्ही केंद्रं आकाशवाणीत गेली.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा १७ तारखेला निजामानं लढाई थांबवल्याचं हैदराबादच्या रेडिओवरूनच जाहीर केलं. त्या दिवशी ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीवर गाव. माझी आजी तेव्हा नवी नवरी होती. ती सांगायची की ओसरीवर पुरुष होते, बाया आतल्या दाराआड, आणि दाराआड एवढंच कळलं की बाहेरचे काही लोक एकदम गप्प झाले आणि काही एकदम बोलायला लागले. राज्य बदललं हे तिला त्या गप्प होण्यावरून समजलं. शब्द एकही ऐकू आला नाही.

आमच्या घरात स्वतःचा रेडिओ आला तो वीज आल्यानंतर, आजोबांनी आणलेला. व्हॉल्व्हचा. तुम्हा तरुण मुलींना व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगते. आत काचेच्या बारक्या बाटल्या असायच्या, बल्बसारख्या, त्या तापल्या की आवाज यायचा. बटण दाबलं की लगेच बोलायचा नाही, अर्धा-एक मिनिट घ्यायचा. आत दोनशे-तीनशे व्होल्टचा दाब. मागचा पुठ्ठा काढून कुणी बोट घातलं तर जीवावर बेतायचं, आणि तार काढल्यावरही आत थोडा वेळ वीज साठून राहायची. म्हणजे पोराला रेडिओपासून लांब ठेवायचं हे रेडिओसाठी जेवढं, तेवढंच पोरासाठीही होतं. हे आजोबांनी कधी तोंडानं सांगितलं नाही. त्यांच्या बोलण्यात कायम किंमत यायची.

रेडिओचे वैरी तरी किती सांगू. पहिलं मांजर. व्हॉल्व्हच्या उबेनं रेडिओचा माथा गरम राहायचा, आणि थंडीच्या दिवसांत मांजराला त्याहून चांगली जागा कुठं मिळायची? तिचे केस मागच्या भोकांतून आत जायचे, आणि कधी कधी केसांवर भागायचं नाही, समजून घ्या. दुसरे उंदीर. आवाज ज्यातून येतो तो भोंगा आत कागदाचा असतो, उंदराला घरटं करायला तो कागद फार आवडतो, तारेवरचं कापडही आवडतं. तिसरी पाल, ती उबेला येणाऱ्या किड्यांमागून आत शिरायची, दोन तारांना एकदम चिकटायची आणि रेडिओसकट जायची. आणि छतावर आपली खुलताबादची वानरं! रेडिओला एरियल लागायची, तांब्याच्या जाळीची लांब पट्टी, माळवदावर दोन बांबूंना बांधलेली. वानरांना ती झोक्यासारखी. दर दोन महिन्यांनी आजोबा माळवदावर चढून ती नव्यानं बांधायचे आणि वानरांना शिव्या द्यायचे. वानरं भद्रा मारुतीची म्हणून त्या शिव्याही हळू आवाजात.

या सगळ्यांवर तोड म्हणून ती फळी. ओसरीच्या भिंतीत लोखंडी घोडे ठोकून, आजोबांनी हात वर केल्यावर बटणापर्यंत पोचेल इतक्या उंचीवर. आजोबा गावातले उंच पुरुष. आजी त्यांच्या खांद्यालाही येत नव्हती. आता ते शिंक्याचं माप आठवा. शिंकं बाईच्या हाताच्या मापानं, फळी मात्र पुरुषाच्या हाताच्या मापानं. पोरं, मांजर, उंदीर यांच्याबरोबर घरातल्या सगळ्या बायाही खालीच राहिल्या. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण आसपासच्या किती घरांत मी पुढं बघितलं, फळी तेवढ्याच उंचीवर. गावाला मिळालेला रेडिओ असेल तर तो चावडीत नाहीतर शाळेत, कुलपात. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, नगर, नाशिक, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रवण मंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्याच्यावर चर्चा करायची. जगभर नावाजला गेलेला प्रयोग तो, आणि खरंच चांगला होता. पण तुम्हीच सांगा, त्या काळी चावडीवर किती बाया चढत असतील?

बायांच्या वाट्याला रेडिओचं काय आलं, तर झाकण. भरतकामाचा, क्रोशाचा, कशिद्याचा रुमाल. पोपट, कमळ, 'सुस्वागतम्', कडेला मण्यांची झालर. धुळीपासून, केसांपासून रेडिओ वाचवणारी ही चीज बायांनी काढली, कुठल्या कंपनीनं नव्हे. रुखवतात रेडिओचा रुमाल मांडलेला मी बघितलाय, घरात रेडिओ नसताना. त्यात एक खोट तेवढी होती. रेडिओ चालू असताना रुमाल मागून खाली आला की उष्णता कोंडायची, आतलं मेण वितळायचं. आजीनं एकदा वास आल्यावर ओळखलं. मग तिनं रुमालाची मागची बाजू कापून पुढून लांब, मागून आखूड असा केला. आजोबांना कळलंही नाही, त्यांना वाटलं कापड कमी पडलं.

दुपारी आजोबा शेतावर गेले की आजी आणि शेजारच्या खाला मिळून रेडिओ लावायच्या. पाटावर पाट, त्यावर रॉकेलचा रिकामा डबा, डबा खाला धरायच्या आणि आजी चढायची. दुपारी बायांचे कार्यक्रम असायचे. मुंबई केंद्राचं 'वनिता मंडळ' नावाजलेलं. इकडं नीट लागेल ते ऐकायचं. पुढं १९६८ साली परभणी केंद्र निघालं आणि आपल्या बोलीतली माणसं ऐकू यायला लागली. आजोबा मात्र हुशार. आल्या आल्या चपला काढायच्या आधी रेडिओच्या माथ्यावर हात ठेवून बघायचे. गरम लागला की घरातल्या बायांनी लावला होता! मग 'बिल कोण भरणार' पासून सुरू. आजीनं यावरही तोड काढली. आजोबा यायच्या तासभर आधी रेडिओ बंद करायचा, आणि त्यांच्या पावलांचा आवाज आला की मांजराला उचलून रेडिओवर बसवायचं. माथा गरम का, तर मांजर बसलं होतं. बिचाऱ्या मांजरानं आजीसाठी किती शिव्या खाल्ल्या त्याची गणती नाही.

मग ट्रान्झिस्टर आला. त्याचा शोध अमेरिकेत १९४७ चा, आपल्या शिवारात पोचला साठ-सत्तरच्या दशकात. चामड्याचं भोकाभोकांचं कव्हर, खांद्याला पट्टा. तो फळीवरून उतरला, बाभळीला टांगला गेला, बैलगाडीच्या साटीत बसला, निंदायला गेलेल्या बायांच्या धुऱ्यावर आला. तो पडला तरी बहुधा बोलत राहायचा. त्याला मारायचे ते सेल. संपलेले सेल आत राहिले की पाणी सोडायचे आणि पितळी पट्ट्या हिरव्या पडायच्या. आजही हे खरं आहे, टॉर्च असो की खेळणं, वापरात नसेल तर सेल काढून ठेवा. रेडिओचा परवाना दरसाल पोस्टात जाऊन नवा करावा लागायचा, तोही १९८० च्या दशकात सुटला.

आता मी जिथं यायचं होतं तिथं आले.

टेपरेकॉर्डर. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली छोटी कॅसेट काढली. आपल्या घरांत ती आली ऐंशीच्या दशकात, टू-इन-वन घेऊन, रेडिओ आणि टेप एकत्र. फोनो आणि रेडिओ नुसते बोलायचे. हे यंत्र ऐकायचंसुद्धा! लाल बटण दाबलं की तुमचा आवाज आत. पहिल्यांदाच आपल्यासारख्या बाईला स्वतःचा आवाज घरात ठेवता येणार होता. माझ्या भावानं असा एक टू-इन-वन मला दिला, आणि मी ठरवलं की तो फळीवर ठेवायचा नाही. माझ्या हाताशी, देवळीत ठेवायचा. घरात सगळ्यांनी सांगितलं, पोर लहान आहे, वर ठेव. मी ऐकलं नाही.

आजी तेव्हा थकली होती, पण जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ. जातं घरात होतं, दळण गिरणीत जायचं. मी तिला जात्यापाशी बसवलं, मूठभर जोंधळे टाकले, कारण हात फिरल्याशिवाय तिला ओवी सुचायची नाही. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरल्या. माहेराच्या, भावाच्या, खुलताबादच्या उरुसाच्या, आणि एक तर थेट आजोबांच्या रेडिओवरची, तिनं स्वतः जोडलेली. ती ऐकून आम्ही सगळ्या हसलो होतो. पुढच्या वर्षी आजी गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या चार वर्षांच्या मुलानं टेप लावली. त्यानं मला बघून शिकलं होतं, दोन बटणं एकदम दाबायची. लाल आणि त्याच्या शेजारचं. मी मागं गोठ्यात होते. आले तेव्हा तो शेळीच्या करडाला मांडीवर घेऊन टेपशी गप्पा मारत बसला होता. कॅसेट पुढं सरकत होती. आधीचं पुसलं जात होतं. वीसेक मिनिटं गेली होती, त्यात रेडिओची ओवी होती.

मी त्याला मारलं. खूप मारलं. ते मी आज इथं सांगतेय कारण तीस वर्षं मला वाटत होतं की चूक एकतर त्याची, नाहीतर देवळीत ठेवणारी मी. घरच्यांनीही हेच सांगितलं, म्हणून वर ठेवायचं असतं! आणि टेपरेकॉर्डर गेला फळीवर. मी पुन्हा काही भरलं नाही.

खरी गोष्ट मला फार नंतर कळली, आणि ती इतकी साधी आहे की राग येतो. कॅसेट हातात घ्या. जिथून टेप दिसते ती बाजू खाली करा. वरच्या कडेला दोन्ही कोपऱ्यांत दोन बारीक चौकोनी प्लास्टिकच्या पाकळ्या असतात. त्या सुईनं किंवा नखानं मोडल्या की ती कॅसेट पुसली जाऊ शकत नाही. लाल बटण दाबतच नाही, आतली एक दांडी अडवते. कॅसेटची जी बाजू आपल्या तोंडासमोर आहे, तिची पाकळी डाव्या हाताची. दुसऱ्या बाजूची दुसरी. पुन्हा भरायचं असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. बाजारातून गाण्यांची भरलेली कॅसेट आणायचो तिला या पाकळ्या नसायच्याच, ती याचसाठी. दोन पाकळ्या! उंची नको, कुलूप नको, मार नको. कोऱ्या कॅसेटच्या कागदावर ते छापलेलंही असायचं, इंग्रजीत. पुरुषांनी वाचलं नाही आणि बायांना वाचता आलं नाही.

पण सगळ्यांचं माझ्यासारखं झालं नाही, तेही सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या मुळशी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे, इथलेच झालेले. खेड्यातल्याच बाया-माणसांनी गावोगाव जाऊन लिहून घेतल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. बर्नार्ड बेल या अभ्यासकाबरोबर सुमारे १२० तासांचा आवाजही टेपवर घेतला गेला. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. तरी ओव्या राहिल्या, कारण त्या एका घरात, एका कॅसेटवर, एका फळीवर नव्हत्या. कागदावर होत्या, टेपवर होत्या, संगणकात होत्या, एकापेक्षा जास्त ठिकाणी. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनं त्या सगळ्यांना ऐकायला-वाचायला खुल्या केल्यात. फोनवर ऐकता येतात. गाणारणीचं नाव, गाव आणि फोटोसकट.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कुठला टेपरेकॉर्डर, कुठला फोनो, आमच्याकडं मोबाईल आणि तो छोटा ब्लूटूथ स्पीकर. बरोबर. पण मांजर तेच आहे आणि पोरंही तशीच आहेत. स्पीकरच्या पुढचं कापड मांजराला नखं घासायला आवडतं, म्हणून वापरून झाला की तोंड भिंतीकडं. मोठा स्पीकर असेल तर मधल्या गोल टोपीवर पोरं बोट दाबतात, ती आत गेली की आवाज फाटतो. पुढची जाळी काढून ठेवू नका. वायर कुत्र्याच्या पिल्लानं चावू नये म्हणून जुन्या पाण्याच्या नळीचा तुकडा उभा चिरून आत वायर घालायची, आमच्या गटातल्या एकीची ही युक्ती. उंदरांसाठी मागच्या भोकांवर बारीक तारेची जाळी लावा, पण हवा बंद करू नका. डांबराच्या गोळ्या टाकू नका, पोरं त्या पेपरमिंट समजून तोंडात घालतात.

आणि एक गोष्ट सगळं सोडून ऐका. चपटे गोल सेल. रिमोटमध्ये, गाणाऱ्या खेळण्यात, छोट्या दिव्यात, घड्याळात असतात, रुपयाच्या नाण्यासारखे. ते पोरानं गिळले आणि अन्ननलिकेत अडकले, तर दोन तासांत आतून जाळायला लागतात. सुरुवातीला पोर नुसतं लाळ गाळतं, जेवत नाही, खोकतं. उलटी करवू नका, वाट बघू नका, शी तपासत बसू नका. सरळ दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढायला सांगा. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते घरात आणू नका, आणलं असेल तर झाकणाला चिकटपट्टी गुंडाळा.

मोबाईलमधला आवाज तर कॅसेटहून कच्चा. चार वर्षांच्या पोराचं बोट लागलं की गेला, आणि नखाएवढं मेमरी कार्ड फरशीच्या फटीत. आवाज भरला की त्याच दिवशी दुसऱ्या एका फोनवर पाठवायचा आणि तिसऱ्या ठिकाणी, बहिणीच्या नाहीतर गटाच्या कार्डावर. खाणं-भांडी आपण तीन ठिकाणी वाटून ठेवतोच, हेही तसंच. आणि पोराला लांब हाकलण्यापेक्षा जवळ बसवून कुठलं बटण कशाचं ते दाखवा. ज्याला लाल बटण माहीत असतं ते लाल बटण सांभाळतं. माझ्या मुलाला मी ते दाखवलं नव्हतं, त्यानं चोरून बघितलं होतं.

ती कॅसेट माझ्याकडं आहे अजून. मागच्या वर्षी मुलानंच ती संगणकात भरून आणली. आजीची ओवी चाललेली असते, जात्याची घरघर, आणि एकदम खट्ट. मग चार वर्षांचा तो, शेळीच्या करडाला सांगतोय की गप बस, रेडिओत बोलायचंय. वीस मिनिटं. मग पुन्हा खट्ट, आणि अर्ध्या ओवीतून आजी. त्याच्या लहानपणचा आवाज आमच्याकडं तेवढाच आहे. त्याच्या मुलीला तोच भाग आवडतो, ती तो पुन्हा पुन्हा लावते. मला तो ऐकवत नाही, आणि पुसूही देणार नाही.

गुरुवारी दुपारी आपल्या केंद्रात टेपरेकॉर्डर चालू ठेवणार आहोत. कॅसेटी असतील तर घेऊन या, माळ्यावर, ट्रंकेत, पिठाच्या डब्यामागं कुठं असतील तिथून शोधा. पांढरी बुरशी दिसली तर घरी लावून बघू नका, तशीच आणा. टेप बाहेर आली असेल तर ओढू नका, भोकात पेन्सिल घालून हळू फिरवा. आणि निघण्याआधी वरच्या कडेच्या त्या दोन पाकळ्या बघा. असतील तर मोडा आणि मगच पिशवीत टाका.